ऑनलाइन तपासणीत मुलं आणि परावलंबी माणसं: कुणाशी बोलायचं, काय बघायचं

केसपेपरवर नाव आजीचं, फोनवर आवाज सुनेचा आणि मध्येच कॉन्फरन्सवरून बोलणारा मुंबईचा मुलगा. रत्नागिरी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे आणि असे फोन मला रोज येतात. पावसाळ्यात वरच्या वाड्यांवरून एसटीचा भरवसा नसतो, गुडघे धरलेली माणसं घाटी उतरून येऊ शकत नाहीत, त्यामुळे करोनात सुरू झालेली फोनवरची तपासणी आमच्याकडे पुढेही चालू राहिली. ती चालू राहावी असंच मला वाटतं. मात्र दवाखान्यात पेशंट आत आला की तो कसा चालतोय, बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघतोय, नातेवाईक मेडिकलमध्ये गेल्यावर मोकळा होतोय का, हे बसल्या जागी दिसतं. फोनवर ते मुद्दाम विचारून, मुद्दाम दाखवायला सांगून मिळवावं लागतं. लहान मुलं, अंथरुणाला खिळलेली माणसं, विसराळूपणा जडलेले म्हातारे, मतिमंद किंवा मूकबधिर पेशंट यांच्या बाबतीत तर ते केलंच पाहिजे, कारण त्यांच्या वतीने बोलणारा माणूस नेहमीच त्यांच्या बाजूचा असतो असं नाही.

फोनवर तपासायला नव्याने लागलेले डॉक्टर, उपकेंद्रावरचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि सिस्टर यांच्यासाठी हे प्रामुख्याने लिहिते आहे. घरच्यांसाठीही शेवटी थोडं आहे. माझा मुख्य आग्रह एकच: ज्याला त्रास होतोय त्याचा स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय, आवाज नसेल तर त्याला डोळ्यांनी बघितल्याशिवाय, चिठ्ठी लिहू नका.

कॉल जोडल्यावर आधी हे

२५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पेशंट अल्पवयीन असेल तर सोबत प्रौढ माणूस असल्याशिवाय तपासणी करायची नाही आणि त्या प्रौढाचीही ओळख पटवायची. दुसरी संमतीची. पेशंटने स्वतः फोन लावला तर त्याची संमती गृहीत धरता येते. फोन काळजी घेणाऱ्याने, आशाताईंनी किंवा आपण लावला असेल तर संमती स्पष्ट घ्यायची आणि तिची नोंद ठेवायची. मेसेजवर एक ओळ किंवा कॉलवर पेशंटच्या तोंडचं एक वाक्य पुरतं.

ओळख पटवताना आधार कार्डाच्या फोटोवर सगळी भिस्त ठेवू नका. मुलाला विचारा, "कितवीत आहेस? तुझ्या शेजारी कोण बसलंय?" वय आणि नातं दोन्ही त्यात येतं. "काका आहेत" म्हणताना मूल अडखळलं, तर आईशी किंवा वडिलांशी बोलायचं आहे असं शांतपणे सांगा आणि त्यांचा नंबर घ्या. तातडीचं नसेल तर आईवडील फोनवर येईपर्यंत थांबता येतं.

मग जागा. "तुम्ही आत्ता कुठे आहात?" हा प्रश्न प्रत्येक कॉलला, जुन्या पेशंटलासुद्धा. नोंदीत पत्ता डोंबिवलीचा असतो आणि मूल मे महिन्यात आजोळी आलेलं असतं. मध्येच रेंज गेली किंवा कुणी फोन हिसकावून घेतला, तर १०८ ची गाडी कुठे पाठवणार? गाव, वाडी, जवळची खूण आणि दुसऱ्या एखाद्या माणसाचा नंबर एवढं आधीच लिहून ठेवा.

त्यानंतर खोलीत कोण कोण आहे ते विचारा. मी व्हिडिओवर फोन एकदा फिरवून दाखवायला सांगते आणि माझाही फिरवते: "ह्या आमच्या सिस्टर, मुलांचा कॉल असला की इथेच बसतात." हे सगळ्यांनाच विचारलं की कुणाला आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटत नाही. ज्या घरात याचा राग येतो, त्या घराकडे मी पुढच्या कॉलला जास्त लक्ष देते.

नुसत्या आवाजाच्या कॉलवर काय करायचं? मी विचारते, "स्पीकर चालू आहे का?" आणि शक्य असेल तर इअरफोन लावायला सांगते. इअरफोन कानात असला की माझा प्रश्न बाजूच्या माणसाला ऐकू जात नाही, आणि पेशंटला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. "आत्ता मोकळं बोलता येतंय का?" "घरात कुणाची भीती वाटते का?" "मी उद्या सकाळी पुन्हा फोन करू का?" तीन प्रश्नांत बरंच कळतं. उत्तरं "नाही, हो, हो" अशी आली, तर दुसऱ्या दिवशीचा फोन विसरायचा नाही.

उपकेंद्रावरून ई-संजीवनीचा, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन तपासणी सेवेचा, कॉल असतो तेव्हा आपली बाजू भक्कम असते, कारण पेशंटच्या शेजारी सीएचओ किंवा सिस्टर बसलेल्या असतात. त्यांना कॉलआधीच सांगून ठेवा की मुलाला वजन-उंचीसाठी दुसऱ्या खोलीत न्यायचं. वजनकाट्यापाशी आई नसते, सासू नसते, आणि तिथे मुलं आणि नव्या सुना बोलतात. पडद्यावर मला न दिसलेलं कितीतरी मला त्या सिस्टरांकडून समजलं आहे.

मुलांशी बोलताना

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलाशी थोडा वेळ एकट्याने बोलायची सवय ठेवा. सोबत प्रौढ हवा हा नियम आहेच, पण सोबत म्हणजे कानाशी बसलेला असा मी त्याचा अर्थ घेत नाही. आधी आईशी बोलते, मग सांगते, "ह्या वयाच्या सगळ्या मुलांशी मी पाच मिनिटं एकटी बोलते. तुम्ही पडवीत थांबा, दिसाल अशा, पण ऐकू येणार नाही अशा." बहुतेक आया लगेच उठतात. काहींना तर बरंच वाटतं.

एकटं बोलायला लागण्याआधी मुलाला मर्यादा सांगायची. माझी वाक्यं ठरलेली आहेत: "तू जे सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल, किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर मला ते योग्य माणसांना सांगावंच लागेल. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन." हे नंतर सांगितलं तर मुलाला फसवल्यासारखं होतं आणि ते पुन्हा कधी तोंड उघडत नाही.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. नववीतली मुलगी, पोटात दुखतं म्हणून आईचा फोन. जंताचं औषध झालेलं, सोनोग्राफी झालेली, दोन्हीत काही नाही. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आई देत होती, पाळीच्या तारखेसकट. मुलीला इअरफोन लावायला सांगितला. "रविवारी दुखतं का?" नाही. "शाळेच्या दिवशी?" हो. "शाळेत कुणाची भीती वाटते?" नाही. "जाता-येता?" बराच वेळ काही नाही, मग अगदी बारीक आवाजात हो. वडापने जायची ती, आणि ड्रायव्हर तिला रोज पुढे आपल्या बाजूला बसवायचा. मी पुढचं खोदून विचारलं नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही," एवढं म्हटलं आणि आईला आत्ता सांगू या का, तू सांगशील की मी सांगू, असं विचारलं. तिने मला सांगायला सांगितलं.

यात "रविवारी दुखतं का" हा प्रश्न मला सगळ्यांत उपयोगी पडतो. पोटदुखी, डोकेदुखी, अंथरुणात लघवी पुन्हा सुरू होणं, झोपेत दचकणं, अशा तक्रारीत त्रास कुठल्या दिवशी, कुठल्या जागी, कुणाजवळ असताना वाढतो हे विचारा. परीक्षेची धास्ती निघेल, मास्तरांचा मार निघेल, बहुतेकदा वाईट काही निघणार नाही. पण विचारायचं.

अगदी लहान मुलांना बघायचंच असतं. ताप आलेल्या बाळाचा अंगरखा वर करून श्वास किती जोरात चाललाय ते बघतोच आपण, तेव्हाच अंगावरचे वळ, चटके दिसतात. गुडघे, नडग्या, कपाळ इथे खेळणाऱ्या मुलाला लागतंच. कान, मान, पाठ, पार्श्वभाग, दंडाच्या आतली बाजू इथे सहसा पडून लागत नाही. जे बाळ अजून रांगत नाही त्याच्या अंगावर कुठेही काळंनिळं दिसलं, तर त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणी, मग घरचे काहीही कारण देवोत. रक्ताचे आजार, जन्मखुणा हेही तपासूनच ठरवायचे असतात. फोनवर आरोप करू नका, "मला बाळाला हातात घेऊन बघायचंय, आज आणा" एवढं पुरे.

मुलाने काही सांगितलं तर

यावर डॉक्टर सर्वाधिक गडबडतात, म्हणून सविस्तर लिहिते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, अठराच्या आतली सगळी मुलं येतात. कलम १९ प्रमाणे, लैंगिक गुन्हा घडल्याचं समजलं किंवा घडू शकेल असं वाटलं, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलीस ठाण्याला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. डॉक्टरही त्यातच आले. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. उलट सद्‌हेतूने कळवलेलं पुढे सिद्ध झालं नाही तरी कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिलं आहे. "आपल्याला खात्री कुठे आहे?" म्हणून अडून बसणाऱ्या सहकाऱ्यांना मी हेच सांगते. खात्री करणं पोलिसांचं काम आहे.

आपलं काम ऐकणं आणि लिहिणं. मूल जे शब्द वापरेल तेच लिहा, अवतरणचिन्हात, वेळ घालून. अवयवांची पुस्तकी नावं आपण घालायची नाहीत. "मग त्याने असं केलं का?" असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका, "पुढे काय झालं?" एवढंच. पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, पुढे पोलीस, बाल कल्याण समिती, न्यायालय असे सगळे विचारणारच आहेत. कॉल रेकॉर्ड करत बसू नका. आणि ज्याच्यावर संशय आहे तो घरातलाच असेल, तर त्याच्या मोबाइलवर चालू असलेल्या कॉलवर हा विषय वाढवू नका. अशा वेळी मी "उद्या तपासायला आणा" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते आणि फोन ठेवल्याबरोबर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला आणि ठाण्याला कळवते. मूल आत्ता धोक्यात असेल तर सरळ ११२.

कळवल्यावर पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुलाला तातडीच्या उपचारांची गरज असेल तर पोलिसांचं पत्र नाही म्हणून कुठलाही दवाखाना ते नाकारू शकत नाही, २०२० च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. हे आईवडिलांना फोनवरच सांगा. आधी ठाण्यात जावं की आधी दवाखान्यात, या घोळात रात्र जाते आणि जी औषधं ठरावीक वेळेत द्यायची असतात त्यांची वेळ निघून जाते.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची पाळी चुकलेली असते आणि तिचं एखाद्या मुलाशी जमलेलं असतं, तिथे अडचण वेगळी. नाव फुटेल या भीतीने घरचे कुठल्या तरी खोपटात गर्भपात करून घेतात आणि ते मुलीच्या जिवावर बेततं. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. कळवणं टळत नाही, नाव राखता येतं. हे ऐकल्यावर अनेक आया सरकारी रुग्णालयात यायला तयार होतात.

फोटोंबद्दल

मुलांच्या लघवीच्या जागेचे, स्तनांचे, पार्श्वभागाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका आणि आले तर साठवू नका. आई भाबडेपणाने पाठवते, पुरळ दाखवायला. तो फोटो तिच्या गॅलरीत राहतो, आपोआप क्लाउडवर जातो, शाळेच्या ग्रुपवर चुकून जाऊ शकतो, आणि आपल्या फोनवर आला तर आपल्या घरातल्या मुलाच्याही हाती लागू शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी नर्सच्या सांगण्यावरून, व्हिडिओ तपासणीआधी, आपल्या छोट्या मुलाच्या सुजलेल्या जागेचे फोटो काढले. ते क्लाउडवर चढताच गूगलच्या यंत्रणेने बाल लैंगिक अत्याचाराचं चित्र म्हणून पकडले आणि खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवलं, तरी वर्षानुवर्षांचे ईमेल आणि फोटो परत मिळाले नाहीत.

लंगोटाचं पुरळ असेल तर ते कसं आहे हे आईकडून ऐकून कळतं: घड्यांत आहे की फुगीर भागावर, कडेला बारीक पुळ्या आहेत का, ओलसर आहे का. त्यापुढे बघायचंच असेल तर प्रत्यक्ष बघा. लांबच्या वाडीत उपकेंद्राच्या सिस्टर बघून सांगतात. वयात आलेल्या मुलामुलीला कॅमेऱ्यासमोर कपडे काढायला सांगणारा डॉक्टर, सोबत कुणी असो वा नसो, माझ्या मते चुकीचंच वागतो आहे.

म्हातारी माणसं

आमच्या भागात निम्मी घरं अशी की खाली एकटी आजी आणि वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, येणारे चाकरमानी. मुलगा फोन लावतो, लक्षणं सांगतो, पैसे ऑनलाइन टाकतो. काळजी खरी असते, पण त्याने आईला बघून चार महिने झालेले असतात. मी त्याचं ऐकून घेते आणि म्हणते, "आता आजींकडे फोन द्या. तुम्ही कॉलवर राहा, पण उत्तरं त्याच देतील." कमी ऐकू येत असेल तर व्हिडिओ लावून, चेहऱ्यावर उजेड घेऊन, सावकाश बोलते. तरीही जमलं नाही तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यासमोर धरते. वाचता येत नसेल तर शेजारच्या काकू मदत करतात. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे स्मृतिभ्रंशासारख्या आजारात पेशंट स्वतः सांगू शकत नसेल, तर काळजी घेणाऱ्याला परस्पर सल्ला घेता येतो. मला मात्र तेव्हाही आजी खाटेवर कशी पडली आहे ते बघायचं असतं. ओठ सुकलेत का, नखं वाढलीत का, पाणी हाताच्या अंतरावर आहे का.

मग औषधांचा डबा. "डबा आणा आणि खाटेवर ओता," एवढं सांगितलं की निम्मी तपासणी होते. एका घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून बीपीच्या गोळ्यांची चार पाकिटं निघाली, चारही न फोडलेली, आणि अल्प्राझोलम या गुंगी आणणाऱ्या गोळीची सहा, सगळी रिकामी. आजी दिवसभर झोपून असतात ही फोनची तक्रार होती. कोण गोळी देतं विचारलं, सून पुढे आली. ती काजूच्या कारखान्यात आठला जाते, सहाला येते. मध्यंतरी आजी भरकटत विहिरीपर्यंत गेल्या होत्या. त्या भीतीने ती निघताना गोळी देत होती, गोळी तिला ओळखीच्या मेडिकलमधून मिळत होती. तिच्यावर ओरडून काय साधलं असतं? अल्प्राझोलम अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, फोनवरून ते लिहिता येत नाही, आणि इतके दिवस चालू असलेली ही गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. म्हणून आजींना गाडी करून दवाखान्यात आणायला लावलं, डोस हळूहळू उतरवत नेला, खळ्याच्या बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, वरून कडी लावून घेतली आणि दुपारी शेजारणीने डोकावायचं ठरलं. आशाताई आठवड्याला बीपी बघतात.

"आजी रात्री ओरडतात, झोपेची गोळी पाठवा" असा फोन आला की विचारा, हे कधीपासून? दोन-तीन दिवसांतच बरळणं सुरू झालं असेल तर ते म्हातारपण समजू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरणं, नवीन सुरू झालेली एखादी गोळी, डोक्यावर पडणं, यातलं काहीतरी असतं आणि ते तपासून बरं करता येतं. झोपेच्या गोळीने ते झाकलं जातं, शिवाय उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं.

मार किंवा हेळसांड ओळखताना सावध राहा. वय झालेल्या पातळ कातडीवर, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, हाताच्या पुढच्या भागावर जांभळे डाग सहज पडतात. दंडावर बोटांसारखे वळ, मनगटाभोवती दोरीसारखी खूण, दोन वेगवेगळी कारणं सांगणारी दोन माणसं, याची नोंद घ्या. बेडसोर, म्हणजे अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा, कॅमेऱ्यावर उघडून दाखवायला लावू नका, सिस्टरांना पाठवा. जेवणाबद्दल विचारताना "जेवता का" नको. "काल रात्री काय जेवलात, कुणी वाढलं?" असं विचारा. "पेन्शन कोण आणतं? हल्ली कुठे अंगठा दिलात का?" हेही मी विचारते.

त्यावरून, मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करायचंय, "वडील मानसिकदृष्ट्या सक्षम आहेत" असं सर्टिफिकेट व्हिडिओवर बघून द्या, असे फोन येतात. कधीही देऊ नका. त्यांना दवाखान्यात आणू द्या, नातेवाइकांना बाहेर बसवून बोला, मग ठरवा. आधीच लिहून दिलेली मिळकत सांभाळण्याच्या अटीवर दिली असेल आणि मुलं सांभाळत नसतील, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली प्रांत अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणापुढे ती रद्द करून मागता येते. म्हाताऱ्याला टाकून देणं हा याच कायद्याने गुन्हा आहे. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आजींना हा नंबर पाठ होईपर्यंत मी म्हणून घेते.

दिव्यांग माणसांच्या बाबतीतही रीत हीच, फक्त एक लक्षात ठेवा: वयाची अठरा वर्षं झालेला माणूस मतिमंद किंवा मूकबधिर आहे म्हणून त्याचा निर्णय आपोआप भावाकडे जात नाही. छळ होत असल्याचा संशय आला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ खाली कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांना, कळवू शकतं.

चिठ्ठी मागणारे फोन

"बायकोची पाळी चुकलीय, गोळी लिहून द्या." पुरुषाचा आवाज, बाई फोनवर यायला तयार नाही. इथे काहीही लिहायचं नाही. गर्भपाताच्या गोळ्या कायद्याने मान्यता असलेल्या डॉक्टरने, तपासूनच द्यायच्या असतात. गर्भ नळीत असेल तर गोळी घेतल्यावर पोटातला रक्तस्राव लक्षात येत नाही आणि जीव जाऊ शकतो. बाईशी बोलायचंय असा आग्रह धरा. ती कोण, किती वर्षांची, तिला हे हवंय का, हे तिच्याकडूनच कळायला हवं. कॉलेजच्या मुलांनी मागितलेलं कोडीनचं खोकल्याचं औषध, "पाठदुखीसाठी" ट्रॅमाडॉल, ही सवय लावणारी औषधंही फोनवर नकोत. नकार देताना फोन आपटू नका, मागणारा बहुतेकदा स्वतःच अडकलेला असतो, त्याला भेटायला बोलवा.

कुणी कॉलवर जीव द्यायची भाषा केली तर फोन ठेवू देऊ नका. सरळ विचारा, "मरायचा विचार येतोय का? कसं करायचं ठरवलंय?" विचारल्याने विचार वाढत नाही. आमच्याकडे आंब्याच्या फवारणीचं औषध घरोघर असतं, ते कुठे ठेवलंय हे विचारून कुणाला तरी ते उचलायला सांगते. सिस्टर दुसऱ्या फोनवरून घरच्या माणसाला आणि ११२ ला लावतात. १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचे समुपदेशक रात्रीही असतात.

मेसेज कुणाच्या हातात पडतो

चिठ्ठीची पीडीएफ नवऱ्याच्या मोबाइलवर जाते. त्यात "मारहाणीच्या जखमा" किंवा "नैराश्य" असं लिहिलेलं असेल, तर संध्याकाळी त्या बाईचं काय होईल याचा विचार आधी करा. मी चिठ्ठीवर औषधं आणि साधं निदान लिहिते, बाकी सगळं माझ्या नोंदीत. "हा मोबाइल कुणाचा? मेसेज कोण वाचतं?" हे विचारून नोंदीच्या वर लाल शाईने लिहिते. दवाखान्याचा व्हॉट्सॲप रिसेप्शनच्या मुलीच्या स्वतःच्या फोनवर असू नये.

घरच्यांसाठी

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायलाच हवा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तो तपासता येतो. मुलाला फोन देऊन तुम्ही स्वयंपाकघरात जाऊ नका. डॉक्टर एकटं बोलू म्हणाले तर नजरेच्या टप्प्यात राहा. कुणी मुलाकडे खाजगी नंबरवर फोटो मागितले, कपडे काढायला सांगितले, "आईला सांगू नको" म्हटलं, तर कॉल तोडा, मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि १०९८ किंवा ११२ ला कळवा. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. मुंबई-पुण्यात राहून आईला ऑनलाइन दाखवणाऱ्यांनो, तिला डॉक्टरशी एकटीने बोलू द्या. तिच्या काही तक्रारी तुमच्याबद्दलच्या असतील, काही तुम्हाला काळजी नको म्हणून लपवलेल्या.

माझ्या स्क्रीनच्या कडेला एक कार्ड चिकटवलेलं आहे: ११२, १०८, १०९८, १८१ (महिलांसाठी), १४५६७, १४४१६, १९३० (सायबर गुन्ह्यांसाठी). त्याखाली ठाण्याचा लँडलाइन, प्राथमिक आरोग्य केंद्र, प्रत्येक वाडीच्या आशाताई आणि अंगणवाडीताई. खालचे नंबर आम्ही गणपतीच्या आधी आणि शिमग्याच्या आधी एकदा लावून बघतो. बदल्या होतात, सिम बदलतात, आणि ज्या रात्री गरज पडते त्या रात्री जुना नंबर लागत नाही.